क्रियापदाची सोबत

स्पॅनिश मातृभाषा असलेला माणूस इंग्रजी बोलू लागला की बरेचदा ‘इट डिपेंड्स ऑफ’ म्हणतो. ‘ऑन’ म्हणायचं, हे त्याला वर्गात सांगितलेलं असतं. तरी बोलण्याच्या ओघात ‘ऑफ’च येतो, कारण त्याच्या भाषेत ‘देपेन्देर’ या क्रियापदामागे ‘दे’ येतो आणि ‘दे’साठी इंग्रजीत पहिला आठवतो तो ‘ऑफ’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अशा मंडळींना शिकवू लागले आणि या चिमुकल्या शब्दांची माझी जुनी ओढ पुन्हा जागी झाली.

ती ओढ सांगलीची. मराठी शाळेत ‘स ला ते, स ला ना ते’ आम्ही सुरात म्हणायचो. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा वडिलांनी कपाटातून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढून हातात दिली. मराठीत नामाला मागून चिकटणारं सगळं इथे नामाच्या आधी येऊन उभं राहत होतं, आणि त्यातलं कोणतं यायचं ते पुष्कळदा क्रियापद ठरवत होतं. ‘लुक’मागे ‘ॲट’ आला तर बघणं, ‘फॉर’ आला तर शोधणं, ‘आफ्टर’ आला तर सांभाळणं. वडील म्हणायचे, “क्रियापद एकटं पाठ करू नकोस, त्याच्या सोबतीला कोण येतं तेही धर.” माझं पुढचं शिकणं आणि शिकवणं या वाक्यावर उभं आहे.

पुण्यात कॉलेजात असताना स्पॅनिश शिकले, आणि इतक्या दूरची भाषा ओळखीची निघाली. आपण ‘किल्ल्या शोधते’ म्हणतो, पण ‘बहिणीला शोधते’. स्पॅनिशही तसंच करते: किल्ल्यांना काही लागत नाही, बहिणीच्या आधी मात्र ‘आ’ लागतो. ‘मला कॉफी आवडते’ हे वाक्य ‘मे गुस्ता एल काफे’ असं जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. दोन्हीकडे व्याकरणातला कर्ता कॉफी, ज्याला ती आवडते तो माणूस चतुर्थीत. इंग्रजी मात्र ‘आय लाइक’ म्हणून मोकळी होते. लग्नही आपण कुणा‘शी’ करतो, स्पॅनिश माणूस कुणा ‘कोन’, म्हणजे कुणाबरोबर. म्हणून ‘मॅरीड विथ’ ही चूक सांगलीतही ऐकू येते आणि बोगोतातही.

हे सोबतीचे शब्द भाषेगणिक वेगळे का, याचं कारण मागे पाहिलं तर दिसतं. लॅटिनमध्ये संस्कृतसारखे विभक्तिप्रत्यय होते. ते झिजले आणि त्यांचं बरंचसं काम स्पॅनिशमध्ये ‘दे’, ‘आ’, ‘कोन’, ‘एन’ अशा शब्दांनी उचललं. इंग्रजीच्याही विभक्ती अशाच गेल्या, पण तिने आपल्या घरातले वेगळे शब्द कामाला लावले. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता; ‘विदस्टँड’मध्ये तो अजून शिल्लक आहे. ‘डिपेंड’च्या मुळाशी लॅटिनमधलं लोंबणं आहे, आणि आपल्या ‘अवलंबून’मध्येही ‘लंब्’ हाच धातू. वस्तू कशापासून लोंबते ते स्पॅनिशने धरलं. इंग्रजीने ‘ऑन’ घेतला, मराठीने ‘वर’. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. स्पॅनिश माणूस स्वप्नदेखील कशाचं पाहत नाही, कशाबरोबर तरी पाहतो. मला हे फार सुंदर वाटतं.

जॅक्सन हाइट्समध्ये सात नंबरच्या गाडीचा पूल रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरून जातो. खाली एक्वादोर, कोलंबिया, मेक्सिकोच्या लोकांची दुकानं, आणि 74व्या रस्त्यावर वळलं की साड्या आणि मिठाई. क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयात मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचे मोफत वर्ग चालतात. मी शिकवते ती माणसं दिवसभर स्वयंपाकघरांत, इमारतींच्या कामांवर, म्हाताऱ्यांच्या उशाशी राबून संध्याकाळी येतात. एक्वादोरहून आलेल्या एक बाई मुलाखतीचा सराव करत होत्या. “आय लुक फॉर ओल्ड पीपल,” त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यांची सेवा करण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव त्या एका ‘फॉर’मुळे झाकला जात होता. ‘आफ्टर’ त्यांच्या तोंडी बसेपर्यंत आम्ही तेच वाक्य घोळवत राहिलो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. ‘डिपेंड्स ऑफ’ने कुणाचं काही बिघडत नाही, अर्थ पोचतो. ‘लिसन म्युझिक’नेही नाही; स्पॅनिशमध्ये ‘एस्कुचार’ला मधला शब्द लागत नाही, म्हणून ते तसं म्हणतात. पण ‘आस्क द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरला विचारा, आणि ‘आस्क फॉर द मॅनेजर’ म्हणजे त्यालाच बोलावून घ्या. विचारायला ‘प्रेगुन्तार’ आणि मागायला ‘पेदिर’ अशी दोन क्रियापदं ज्यांच्याकडे आहेत, त्यांना हा फरक एका ‘फॉर’वर तोलावा लागतो. ‘थ्रो टू’ म्हटलं तर चेंडू झेलायला दिला, ‘थ्रो ॲट’ म्हटलं तर अंगावर फेकला. जिथे अर्थ उलटतो तिथे आधी लक्ष द्यावं. बाकीचं सवयीने येतं. वर्णानुक्रमे छापलेल्या लांब याद्या मी वर्गात काढतच नाही. त्या पाठ होतात आणि बोलताना एकही हाताशी येत नाही. ‘आय ॲम वेटिंग फॉर माय चेक’ हे वाक्य मात्र कुणी विसरत नाही, कारण पगाराची वाट प्रत्येकजण पाहत असतो.

विद्यार्थी चुकतो तेव्हा तो बहुधा स्वतःच्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतो. म्हणून शिकवणाऱ्याला त्याची भाषा थोडी तरी यायला हवी. आपल्याकडे मराठी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना तर ती येतेच. ‘डिस्कस अबाउट’वर लाल रेघ मारण्याआधी मुलाला त्याच्या ‘विषयी चर्चा’तला ‘विषयी’ दाखवा, आणि मग सांगा की इंग्रजीत ‘डिस्कस’ला सोबत लागत नाही.