'ब्रिंग इट ऑन' आणि एक जुनी वही

'चिअरलीडर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो 2008 साली, आयपीएलच्या सामन्यांबरोबर. आणि पोचला तोही काहीशा कुत्सित हसण्यासह. तेव्हा चिअरलीडिंगच्या शालेय स्पर्धांवरचा विनोदी चित्रपट मराठीच्या प्राध्यापिकेने मन लावून पाहिला, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला याचे मला नवल वाटले नाही. पेटन रीड दिग्दर्शित 'ब्रिंग इट ऑन' (2000) मी पाहिला तो लेकीच्या आग्रहाखातर, आणि पहिली दहा मिनिटे कपाळाला आठ्या घालूनच.

सॅन दिएगोच्या सुखवस्तू वस्तीतील एका शाळेचा 'टोरोज' हा संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय विजेता. टॉरन्स (कर्स्टन डन्स्ट) त्याची नवी कर्णधार. शाळेत नव्याने आलेली मिसी तिला ईस्ट कॉम्प्टनला घेऊन जाते, आणि तिथे 'क्लोव्हर्स' या कृष्णवर्णीय मुलींच्या संघाच्या अंगात तेच ठेके, त्याच घोषणा दिसतात. टोरोजची आधीची कर्णधार कॅमेरा घेऊन येत असे आणि सारे टिपून नेत असे. ज्यांनी ते रचले, त्यांच्याजवळ मात्र राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाण्याचे पैसे नव्हते.

टॉरन्सने स्वतः काहीच चोरलेले नाही. तिला चोरी वारशाने मिळाली आहे, करंडकांसकट. जेसिका बेंडिंजर यांच्या पटकथेचे मर्म मला इथे दिसते. मग टोरोज एका भाडोत्री नृत्यदिग्दर्शकाकडून नवा कार्यक्रम विकत घेतात, आणि स्पर्धेत दुसराच संघ तोच कार्यक्रम सादर करून मोकळा होतो. (गाईडांच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.)

पण माझ्या मनात रुतून बसला तो धनादेशाचा प्रसंग. वडिलांच्या कंपनीकडून देणगी मिळवून टॉरन्स ती क्लोव्हर्सना द्यायला जाते आणि आयसिस (गॅब्रिएल युनियन) तो धनादेश फाडून टाकते. टॉरन्सचा हेतू खोटा नाही. तरी त्या कागदात स्वतःची सुटका करून घेण्याची घाई आहे, आणि आयसिसला ती नेमकी दिसते. पुढे क्लोव्हर्स आपल्या मार्गाने पैसे उभे करतात, अंतिम फेरी जिंकतात. टोरोज दुसरे येतात. चित्रपटाची एक उणीव मात्र खटकते. क्लोव्हर्सचे घर, त्यांची तालीम, त्यांचा संताप आपल्याला फारसा दिसत नाही. ज्यांचे चोरले गेले त्यांची गोष्टही कॅमेरा टॉरन्सच्या बाजूने सांगतो.

हे लिहिताना मी कोणाच्या बाजूने लिहिते आहे, हेही सांगायला हवे. नोकरीत रुजू झाले तेव्हा निवृत्त होणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ग्रामीण साहित्यावरच्या टिपणांची वही मायेने माझ्या हाती ठेवली. बारा वर्षे मी तीवरून शिकवले. तिच्या आधारे लिहिलेल्या एका लेखाचे कौतुकही झाले. पुढे एका उद्बोधन वर्गात दुसऱ्या जिल्ह्यातील एका शिक्षकांनी आपला जुना एम. फिल.चा प्रबंध सहज चाळायला दिला. तीच वाक्ये, तोच उदाहरणांचा क्रम. एका ठिकाणी तर उपमाही तीच. वहीवर नाव नव्हते, आणि ते असायला हवे होते असे मला बारा वर्षांत एकदाही वाटले नव्हते.

मी त्यांना सारे सांगितले. आणि लगेच, त्याच दमात, आमच्या महाविद्यालयात व्याख्यानाला येण्याचे निमंत्रणही देऊन टाकले, मानधनासह. ते थोडे हसले. "मॅडम, व्याख्यानाचं राहू द्या. तो लेख कुठं छापून आलाय तेवढं सांगा," म्हणाले.

तेव्हा मी हा चित्रपट पाहिलेला नव्हता. परवा आयसिसने धनादेश फाडला आणि लेक खुशीत टाळ्या वाजवू लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचे आधण ठेवले.

त्या नियतकालिकाला मी दुरुस्तीचे पत्र धाडले होते. त्यांनी ते छापले, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. वही अजून माझ्या कपाटात आहे. ती कोणाला परत करायची, हे माझे ठरलेले नाही.