मुसाफिर म्हणजे पाहुणा

तुर्की भाषेत ‘मिसाफिर’ असा एक शब्द आहे. ऐकल्याबरोबर आपल्याला ‘मुसाफिर’ आठवतो, आणि तो तोच आहे. मूळ अरबी, अर्थ प्रवासी. आपल्याकडे आला तेव्हा तो प्रवासीच राहिला, तुर्कीत मात्र त्याचा अर्थ झाला पाहुणा. न कळवता दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तिकडे ‘तान्री मिसाफिरी’ म्हणतात, म्हणजे देवाचा पाहुणा.

हे मी नंतर वाचलं. त्याआधी ते आईच्या बाबतीत घडताना पाहिलं.

बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी मी आणि धाकटा भाऊ आईला घेऊन तुर्कस्तानला गेलो. तिकिटं, हॉटेलं, नकाशे, भाषांतराचं अॅप, सगळं आमच्या फोनमध्ये. आई आमच्या मागून चालायची. तशी त्या आठ महिन्यांत ती फार बोलतच नव्हती. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, “असं अचानक कसं झालं हो?” मग ती अॅडमिट केल्यापासूनचं सगळं एका दमात सांगायची, पाठ केल्यासारखं, आणि चहा टाकायला आत निघून जायची.

गोरेमे हे कापादोकियातलं गाव. मऊ दगडात कोरलेली घरं, पहाटे आकाशात फुगे. तिथून निघालो तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी टॅक्सीच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं. आई दचकली. भावाने फोनवर शोधून सांगितलं, “इथली रीत आहे. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे या.”

“मग बरोबर आहे,” आई म्हणाली. “आपण नाही का, ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो!”

तिथून कोन्याला जायला बस होती, साडेतीन तासांची. लांब पल्ल्याच्या बसमध्ये एकट्या बाईला शक्यतो अनोळखी पुरुषाशेजारी बसवायचं नाही, अशी तिकडे पद्धत आहे. आईला एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारची जागा मिळाली, आम्ही दोघं मागच्या सीटवर. आजींच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगात स्वेटर आणि खाली घोळदार शलवार. (हाही शब्द आपलाच वाटतो.)

बस सुटल्यावर आपल्याकडच्या क्लीनरसारखा एक मुलगा बाटली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ओतू लागला. आईने सवयीने उजव्या हाताची पळी केली. ती ते तीर्थ म्हणून तोंडाला लावणार एवढ्यात आजींनी तिचं मनगट धरलं. ते कोलोन्या होतं, लिंबाच्या वासाचं. पाहुण्यांच्या हातावर घालायचं, तळवे चोळायचे, वास घ्यायचा. आजींनी आईचे दोन्ही तळवे स्वतःच्या हातांत घेऊन चोळले. मग दोघी हसल्या. आईचा तसा आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकला.

पुढे त्या बोलत राहिल्या. आई मराठीत, आजी तुर्कीत. ‘चाय’ समजलं. साखरेला ‘शेकेर’ म्हणतात, ते समजलं. भावाने अॅप उघडून फोन पुढे केला, तर आईने तो हाताने बाजूला सारला.

थोड्या वेळाने आजींनी अंगठीच्या बोटाला हात लावून भुवया उंचावल्या. आईने वर बोट दाखवलं. आजींनी मान हलवली आणि स्वतःही वर बोट दाखवलं. मग तळवा आडवा धरून एका लहान मुलाची उंची दाखवली, आणि पुन्हा वर बोट. आईने त्यांचा हात धरला. आजी हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, दोनदा. त्यानंतर अक्सराय गेलं, सपाट माळरान सुरू झालं, तरी दोघींचे हात तसेच होते.

याच वाटेवर सुलतानहानी नावाचं गाव लागतं. तिथे १२२९ साली बांधलेली सेल्जुक काळातली मोठी सराई आहे. अशा सरायांमध्ये उंटांच्या तांड्यांना तीन दिवस फुकट राहता यायचं, असं सांगतात. कोन्यात ज्याची कबर पाहायला आम्ही चाललो होतो, तो रूमीसुद्धा लहानपणी बल्खच्या मुलखातून घरच्यांबरोबर मजल दरमजल करतच इकडे आला आणि १२७३ साली कोन्यातच वारला. वाटेत या कुटुंबाला किती अनोळखी माणसांनी जेवू घातलं असेल! आमचं पुढच्या पाच दिवसांचं सगळं आधीच बुक झालेलं होतं. रस्तासुद्धा कुणाला विचारायची गरज नव्हती. सोय उत्तमच होती. पण आमच्या दोघांशी त्या प्रवासात जे कुणी बोललं, ते बिल देण्यापुरतं. आईला काहीच येत नव्हतं, म्हणून तिला माणसं लागत होती, आणि ती मिळत होती.

कोन्याच्या बसस्थानकावर आजींचा मुलगा न्यायला आला होता. आई त्यांना म्हणाली, “येते हं.” आजी म्हणाल्या, “ग्युले ग्युले.” हसत हसत जा, असा त्याचा अर्थ. पत्ता, नंबर, फोटो, दोघींनी काहीच घेतलं नाही.

आजी बसमध्ये दोनदा काय म्हणाल्या, ते आईच्या कानात राहिलं होतं. रात्री तिने हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला ते जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं. तो लगेच गंभीर झाला. “बाशनझ साअ ओलसुन,” त्याने दुरुस्त केलं. कुणाच्या घरी कुणी गेलं की असं म्हणतात. शब्दशः अर्थ, तुमचं डोकं सलामत राहो.

आई जिना चढताना म्हणाली, “बघ, गेलेल्या माणसाविषयी सगळे विचारतात. राहिलेल्याचं डोकं ठिकाणावर राहू दे, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.”

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे यजमान वारले. मी आईबरोबर गेले होते. हॉल भरलेला होता, आणि काकू आल्यागेल्याला हॉस्पिटलची हकीकत सांगत होत्या. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि फक्त एवढंच विचारलं, “तू जेवलीस का गं आज?”

काकू बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आई उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेली.