उलटी ठेवलेली तसबीर

‘ताई, हिला मी गेल्या वेळी सोडून दिलं होतं ना? मग ही मला मिठी का मारतेय?’

आमच्या टेस्टरनं खुर्ची मागे ढकलत विचारलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि मी रिकामा डबा पिशवीत घालून निघाले होते. पुन्हा बसले. त्याच्या स्क्रीनवर घाटाच्या पायरीवर नावाड्याची मुलगी उभी होती. मीच लिहिलेली. मूळ गेममध्ये ह्या पोरानं तिला तोंडावर सांगितलं होतं की आपलं जमायचं नाही. ती तेव्हा रडली होती, त्यासाठी मी तीन वाक्यं खर्ची घातली होती. आणि आता एक्स्पान्शनमध्ये ती त्याच्याच गळ्यात पडून म्हणत होती, ‘आलास! मला ठाऊकच होतं.’

मी गेमचे संवाद लिहिते. नातेवाइकांना मी ‘कॉम्प्युटरमधलं काम’ एवढंच सांगते, कारण गेमलाही लेखक लागतो हे पटवून देईपर्यंत ताटातली भाजी गार होते. रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एका पात्राच्या अंगात शिरतो. कुणाला वाचवायचं, कुणाचा गळा कापायचा, कुणावर जीव लावायचा हे तोच ठरवतो. गेम चांगला खपला की मागाहून एक्स्पान्शन निघतं: नवा मुलूख, नवे शत्रू, आणखी काही तासांची गोष्ट. कादंबरीचा दुसरा भाग लिहिणाऱ्याला पहिला भाग कुठे संपला हे माहीत असतं. आम्हाला नसतं. पहिला भाग प्रत्येकाच्या घरी वेगळा संपलेला असतो.

ते सगळे शेवट लक्षात ठेवण्याची सोय अगदी साधी असते, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. निर्णय झाला की सेव्ह फाइलमध्ये एक फ्लॅग उभा राहतो. हो किंवा नाही. दहा निर्णयांचे दहा फ्लॅग म्हटले तरी त्यांच्या जोड्या लावत गेलं की 1,024 वेगवेगळी जगं होतात, आणि ह्यातल्या प्रत्येक जगासाठी वेगळी गोष्ट लिहायला कोणाच्या बापाकडे पैसा नाही.

आमच्या मुलीचे दोन फ्लॅग होते. ‘प्रेम जुळलं’ हा एक, आणि ‘प्रेम तुटलं’ हा दुसरा. तुटण्याआधी जुळलेलं असतंच, त्यामुळे सोडून गेलेल्या माणसाच्या फाइलमध्ये दोन्ही ‘हो’. एक्स्पान्शनमधला घाटावरचा प्रसंग लिहिताना मी फक्त पहिला तपासायला सांगितला. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. बिचारीला अर्धंच आठवत होतं.

ह्या जातीचा सगळ्यात गाजलेला घोळ कॅनडातल्या बायोवेअरच्या मास इफेक्टमध्ये झाला. 2007 च्या पहिल्या भागात नायक कमांडर शेपर्डच्या मागे मागे फिरणारा कॉन्रॅड व्हर्नर नावाचा एक खुळा चाहता आहे. त्याला गोडीनं समजावता येतं किंवा त्याच्या तोंडावर पिस्तूल रोखून पिटाळता येतं. 2010 च्या दुसऱ्या भागात तो पुन्हा भेटतो आणि सांगतो की तू माझ्यावर पिस्तूल रोखलं होतंस. ज्यांनी रोखलं होतं त्यांनाही सांगतो, आणि ज्यांनी त्याच्याशी प्रेमानं बोलून त्याला घरी पाठवलं होतं त्यांनाही. फ्लॅग चुकीचा वाचला जात होता. मग 2012 मध्ये तिसरा भाग आला, आणि त्यात कॉन्रॅडच शेपर्डची माफी मागतो: पिस्तुलाचं माझ्याच डोक्यातलं, त्या वेळी माझ्यावर फार ताण होता. प्रोग्रॅमरची चूक लेखकानं पात्राच्या पदरात घातली आणि ती त्याला शोभूनही दिसली. ह्या धंद्यात मी पाहिलेला हा सगळ्यात देखणा पॅच.

बाकी मोठे निर्णय कसे पुढे नेतात, हे खेळणाऱ्याला कळलं तर तो थोडा हिरमुसेल. पहिल्या मास इफेक्टमध्ये रेक्स नावाचा सोबती मरू शकतो. मेला असेल तर पुढे त्याच्या टोळीच्या गादीवर त्याचा भाऊ रीव्ह बसलेला दिसतो. तेच दालन, तीच खुर्ची, बरीचशी तीच कामं. दैनंदिन मालिकेत नायिकेचा दीर एका सोमवारी वेगळ्याच चेहऱ्याचा येतो आणि घरात कोणी दचकत नाही, त्यातलाच प्रकार. 1998 च्या बाल्डर्स गेटमध्ये इमोएन नावाची सोबतीण मरू शकते, आणि 2000 साली दुसरा भाग सुरू होतो तो तिनंच तुमचा पिंजरा उघडण्यापासून. कोणी खुलासा करत बसत नाही.

2015 च्या विचर 3 मध्ये पोलिश मंडळींनी ह्याहून हुशारी केली. ज्याच्याकडे जुनी सेव्ह नाही त्याला फॉर्म भरायला लावण्याऐवजी त्यांनी नायक गेराल्टला विझिमाच्या राजवाड्यात दाढी करायला बसवलं. न्हावी वस्तरा चालवतोय आणि समोर बसलेला सेनापती मोरव्रान वूरहिस मागच्या भागात काय काय घडलं ते विचारतोय: अमक्याला मारलंस का, तमक्याची बाजू घेतलीस का. तुम्ही उत्तर दिलंत की एकेक फ्लॅग उभा. न्हाव्याच्या खुर्चीत माणसाला बोलावंच लागतं, हे आपल्याकडे कोणालाही सांगायला नको.

प्रेमाचं गणित मात्र निराळं. राजा कोण झाला हे खेळणारा विसरतो. मला स्वतःला आता आठवत नाही की ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये मी बुटक्यांच्या गादीवर कोणाला बसवलं होतं. पण तळावर शेकोटीपाशी कोणाशी बोलत बसायचे ते आठवतं. ओरिजिन्स 2009 साली आलं, आणि 2010 च्या मार्चमध्ये त्याचं अवेकनिंग हे एक्स्पान्शन आलं. मी नोकरीत नवीन होते, शनिवारची अख्खी रात्र जागून ते सुरू केलं. जुन्या सोबत्यांपैकी पुन्हा बरोबर चालायला येतो तो एकटा ऑग्रेन, दारूत बुडालेला बुटका योद्धा. मी जिच्यासाठी तीस-चाळीस तास घातले होते तिचा पत्ताच नाही. मूळ गेमच्या शेवटी नायकाला बलिदान देऊन मरता येतं. तोच मेलेला नायक अवेकनिंगमध्ये आणला तर तो धडधाकट उभा राहतो आणि कोणी ‘तू कसा काय?’ असंही विचारत नाही. मरण विसरले हे मी एक वेळ चालवून घेतलं. दुसरं नाही चालवून घेतलं.

खरं तर प्रेम पुढे न्यायला फार लागत नाही. मास इफेक्ट 2 मध्ये शेपर्डच्या केबिनमध्ये टेबलावर एक फोटोफ्रेम असते. पहिल्या भागात ज्याच्यावर प्रेम केलं त्याचा किंवा तिचा फोटो तिच्यात असतो. अॅशली, केडन किंवा लियारा. एवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते. पण नव्या जहाजावर नवं प्रेम जुळलं की ती तसबीर टेबलावर पालथी पडलेली दिसते. कोणी काही बोलत नाही, संगीत वाजत नाही, तुमचं लक्ष नसेल तर कळतही नाही. तीन चेहऱ्यांची चित्रं, एक फ्रेम, दोन अवस्था. लेखकाचा एक शब्द नाही, आवाज देणाऱ्या नटाचा एक तास नाही. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या आठवड्यात ती केबिन दाखवते आणि त्या टेबलाशी उभी करते. पालथी कोणी घातली असेल, असं विचारते. शेपर्डनं? की वर आलेल्या नव्या माणसानं? ह्यावर एकदा दोन जणांचं खरंच भांडण झालं होतं.

दुसऱ्या टोकाला बाल्डर्स गेट 2 चं 2001 सालचं थ्रोन ऑफ भाल हे एक्स्पान्शन. त्यात एरीशी प्रेम टिकवलं तर तिला बाळ होतं, आणि ते बाळ तुम्ही सामानाच्या यादीत घेऊन हिंडता. ढाल, तलवार, औषधाच्या बाटल्या आणि बाळ. हसू येतं, पण मला ती लबाडी आवडते. पाळणा आणि दाई दाखवायला पैसे नसावेत, बाळ व्हायला हवं होतं, मग हाताशी जी चौकट होती तिच्यात ते बसवलं.

विचर 3 च्या ब्लड अँड वाइनमध्ये गेराल्टला कोर्व्हो बियांको नावाचा द्राक्षमळा मिळतो आणि शेवटी तिथे त्याला भेटायला कोण येतं हे आधीच्या गेममधल्या प्रेमावर ठरतं: येनेफर, ट्रिस, नाहीतर आणखी कोणी. थोडक्यात आटोपतं ते, तरी भूक भागते.

आणि एक सायबरपंक 2077 चं फँटम लिबर्टी, 2023 चं. त्यातल्या नव्या शेवटात नायिका व्ही दोन वर्षांच्या बेशुद्धीतून जागी होते. जीव वाचला आहे. ती फोन लावायला लागते. जूडीवर प्रेम असेल तर कळतं की तिनं शहर सोडलंय आणि लग्न केलंय. पॅनम तर फोनच उचलत नाही. एका ओळखीच्या बाईनं हा शेवट खेळून मला रात्री साडेबाराला मेसेज टाकला, ‘असं का लिहितात गं तुम्ही लोक?’ मी नव्हतं लिहिलं, पण लिहिलं असतं तर अभिमानानं सांगितलं असतं. कारण जूडीला सगळं आठवतंय. तिला आठवतंय म्हणून तर दुखतं. अवेकनिंगवर माझा राग होता तो ह्याच्या अगदी उलट कारणासाठी. मला दुखवा, पण मला ओळखत नाही असं तोंड करू नका.

2024 मध्ये ड्रॅगन एज द व्हेलगार्ड आलं तेव्हा पंधरा वर्षांच्या गोतावळ्यातून मागचे फक्त तीन निर्णय विचारले गेले. मागच्या भागाच्या नायकानं, म्हणजे इन्क्विझिटरनं, सोलास ह्या जुन्या सोबत्याला थांबवायची शपथ घेतली होती की वाचवायची, आपली संघटना मोडली की ठेवली, आणि तिसरा, त्याचं प्रेम कोणावर होतं. राज्यं, गाद्या, धर्मपीठं सगळी गळाली. खूप लोक चिडले, मीही थोडी चिडले. पण तीनच घ्यायचे ठरल्यावर त्यांतला एक प्रेमाचा ठेवला, हा हिशेब मला पटतो.

आता पुन्हा घाटावर. दुसरा फ्लॅग तपासायची ओळ घालायला दोन मिनिटं लागली. मिठी गेली. पण मग त्या पायरीवर काय? ती गप्प उभी राहिली तर खेळणाऱ्याला वाटणार गेम अडकला. नवं वाक्य लिहून द्यायला मी तयार होते, पण आवाज देणारी मुलगी रेकॉर्डिंग संपवून गेली होती आणि स्टुडिओचे पैसे संपले होते. वरून निरोप आला की मिठीचा प्रसंग सगळ्यांसाठीच काढून टाका आणि एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी हा आमच्या धंद्यातला पळपुटेपणाचा राजमार्ग. मी एक रात्र मागून घेतली.

मूळ गेममधल्या तिच्या सगळ्या फायली काढून ऐकत बसले. हसणं, खोकणं, ‘सांभाळून’, ‘पाणी वाढलंय’. दीडशेच्या आसपास तुकडे असतील. पहाटे एक सापडला. पहिल्या प्रकरणात ती धाकट्या भावाला नाव सोडायला सांगते, अगदी कामातलं वाक्य: ‘दोर सोड.’ तेवढंच घेतलं. आता सोडून गेलेला माणूस घाटावर आला की ती त्याच्याकडे बघते, मग मान वळवून भावाला म्हणते, ‘दोर सोड.’ नाव निघते. माणूस पायरीवर.

टेस्टरनं ते खेळलं आणि कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ‘हे बरंय,’ म्हणाला. पगारवाढीच्या मुलाखतीतही मला इतकं बरं वाटलेलं नाही.

तिसरं प्रकरण लिहायला घेतलंय. ज्यांनी पहिली दोन खेळलीत त्यांना एकच सांगणं: मध्ये फोन बदललात तर जुनी सेव्ह फाइल आठवणीनं नव्या फोनवर घ्या. ती नसेल तर आमची पोर तुम्हाला गिऱ्हाईक समजते आणि ‘पलीकडे जायचंय का?’ एवढंच विचारते.