सोन्याच्या डबीतली खापरं

वसईच्या किनाऱ्यावर माती शोधायला गेलं तर हाती वाळू लागते, नाहीतर मीठ. भुईगावापासून अर्नाळ्यापर्यंत ज्या जमिनीवर केळी पोसल्या, ती मुठीत धरली की बोटांतून गळून जाते; तिची पणतीसुद्धा व्हायची नाही. खाडीकाठचा काळा गाळ चिकट खरा, चाकावरही चढेल, पण त्याच्या अंगात खारं पाणी मुरलेलं. त्याची वीट भिंतीत गेली की पांढरी लव फुटते. लोणा. मालक भिंत खरवडतो, चुना मारतो. पावसाळा सरला की लोणा पुन्हा हजर.

म्हणून इथल्या मातीकामाची नजर पूर्वेला, तानसा-वैतरणेच्या काठाकडे आणि भातखाचरांकडे. कातळ झिजून झालेली तिकडची माती बारीक. पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. तिची परीक्षा सोपी आहे: ओल्या मातीची वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. मोडली तर टाकून द्यायची. पण फारच लाडात वळली तरी सावध राहायचं, कारण तीच वाळताना जास्त आकसते. मग कुंभार तिच्यात लीद, राख, बारीक रेती तुडवतो. वीटवाला भाताचं तूस घालतो. ते भट्टीत जळताना विटेला आतून आच देतं आणि जाताना बारीक पोकळ्या ठेवून जातं. चांगली माती सापडत नाही, ती करावी लागते, असं माझं मत.

कुंभाराचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे नळीची कौलं. चाकावर निमुळती नळी उठवायची, अर्धवट सुकली की उभी चिरायची. एका नळीची दोन कौलं. पुढे साच्यातली, एका मापाची मंगळुरी कौलं आली आणि नळीचं कौल छपरावरून उतरलं.

आता वीट. वसईजवळ सोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणून एक टेकाड होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. आत विटांचा स्तूप, मधोमध दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडी, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि एवढ्या सोवळ्यात जपलेलं काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ठेवलेले. आज हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली, वेठबिगारांच्या सुटकेसाठी. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच बंद झालेली. कागदावर. विटेचा इतिहास सांगताना लोक स्तूपापाशी थांबतात. मला हे दुसरं सालही तितकंच मोठं वाटतं, कारण वीट पाडणारे हातही उचलीत बांधलेले. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात, पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन. अंधार असतानाच चिखल तुडवणं सुरू होतं. नवरा साचा भरतो, बायको गोळे पुरवते, ओल्या विटांच्या रांगा सूर्याच्या आधी लागतात. हिशेब हजारी: हजार विटांमागे इतके पैसे. त्यातून आठवड्याची खर्ची मिळते, उरलेले उचलीत वळते होतात. अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटा रांगेतच विरघळून जातात. तोच चिखल पुन्हा तुडवायचा, त्याच विटा पुन्हा पाडायच्या, आणि हजारात त्या एकदाच धरल्या जातात.