आधी कोणाची कळशी

चैत्र सरता सरता माथेरानच्या पायथ्याशी एखाद्या ठाकुरवाडीत जावं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला डवरा असतो. एक बाई वाकून करवंटीनं पाणी काढत असते. चार-पाच करवंट्या झाल्या की तळ ढवळून येतो. मग थांबायचं, निवळू द्यायचं. नंबर लागलेला असतो तो भांड्यांचा. हंड्यामागे कळशी, कळशीमागे तेलाचा रिकामा डबा. घाई करून उपयोग नाही, झरा त्याच्याच चालीनं पाझरणार. मग फडक्यातून गाळलेलं पाणी, डोक्यावर चुंबळ आणि पुढे चढ.

हा मुलूख दुष्काळी म्हणावा, तर कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात चूल पेटता पेटत नाही. पण कातळ पाणी धरत नाही, आणि जे अडवलं जातं ते वाडीसाठी नसतं.

पाण्याचा धंदा म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. इथे तो बाटलीच्या कितीतरी आधी सुरू झाला. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली, पूर्वेकडे जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं, कड्यावरून नळांतून खाली सोडलं आणि विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. खोपोलीचं वीजघर 1915चं, भिवपुरीचं 1922चं. पाण्याच्या नुसत्या पडण्याचेही पैसे होतात, हे सह्याद्रीला तेव्हा कळलं. भिवपुरीहून सुटलेलं पाणी राजनाल्यानं कर्जतच्या शेतांत जातं, उन्हाळी भात पिकवतं. चांगलंच आहे ते. फक्त नाला खाली आणि वाडी वर.

खालापुरात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. नवी मुंबई महापालिकेनं ते 2002 मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून चक्क विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण, ही तिकडे अभिमानानं सांगायची गोष्ट. त्या शहराच्या नळावर माझा राग नाही. पण घेणारा आणि देणारा दोघेही सरकारीच होते, हे लक्षात ठेवावं. खासगीकरण म्हटलं की आपण कंपनीकडे बोट दाखवतो. पाण्याची मालमत्ता व्हायला कंपनी लागतेच असं नाही, सातबाराही पुरतो.

ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, हा इंग्रजी अमलातला कायदेशीर समज अजून मुरलेला आहे. भूजलाचं नियमन करायला महाराष्ट्रानं 2009चा अधिनियम केला, पण फार्महाऊसच्या बोअरला तो दिसत नाही. वाडीतला गडी तिथे माळीकाम करतो. दिवसभर लॉनवर पाईप धरतो आणि संध्याकाळी घरी एका तांब्यात हातपाय धुतो.

त्याच वाडीत ट्रेकवाल्या पोरांच्या पुढे आधी पाण्याचा तांब्या येतो. पैसे विचारले तर म्हातारी हसते, "पाण्याचं कसलं पैसं?" शेजारच्या टपरीवर मात्र बाटली विकायला असते, आणि टपरी बहुधा तिच्याच नातवाची. मला यात विसंगती वाटत नाही. घरचं पाणी आणि धंद्याचं पाणी यांतली रेघ तिला आपल्या धोरणकर्त्यांपेक्षा स्पष्ट दिसते.

2005च्या कायद्यानं राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. धरणांतल्या पाण्याचे ठोक दर ते ठरवू लागलं. दराला माझा विरोध नाही. फुकटच्या पाण्याची किंमत बाईची मान मोजतेच आहे. पण दराच्या आधी क्रम ठरायला हवा, आणि त्या क्रमात धरणाच्या, नाल्याच्या, बोअरच्या शेजारची वाडी पहिली हवी.

कर्जतकडे प्लॉट बघायला जाल तेव्हा एजंट 'बारमाही पाणी' म्हणेलच. इसार देण्याआधी वाडीत जाऊन विचारा, गावच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं.