सोशिक

तिला स्वतःचं सुटसुटीत नाव नाही. वैद्यकाच्या पुस्तकात ‘लेंटिक्युलोस्ट्रायेट’ अशा भारदस्त नावाखाली तिची आणि तिच्या बहिणींची एकत्रच नोंद. अंगानं दोऱ्याएवढी. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीतून ती जवळजवळ काटकोनात फुटते आणि थेट खोल आत शिरते. हातापायांना सुटलेले हुकूम ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून खाली उतरतात, त्याला रक्त पोचवणं हे तिचं काम. ती अडली तर धावून येणारी दुसरी कुणी नाही, आणि मोठ्या धमनीच्या इतकी जवळ की दाबाचा तडाखा जवळपास जसाच्या तसा हिच्यावर येतो.

स्वभाव सांभाळून घेण्याचा. दाब वाढला की ती नि तिच्या फांद्या आक्रसतात, उतरला की सैल होतात. सरासरी दाब ६० पासून १५० पर्यंत कुठेही असो, पलीकडच्या पेशींना रक्त मिळतं सारखंच. बाहेर काय धिंगाणा चाललाय याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

पण बीपी वर्षानुवर्षं चढलेलंच राहिलं, की हाच गुण अंगाशी येतो. सतत आवळून धरायचं म्हणून ती भिंत जाड करते, आतली वाट अरुंद होते. भिंतीतले स्नायू झिजतात, त्यांच्या जागी काचेसारखा निर्जीव थर साचतो. तिला चढ्या दाबाची इतकी सवय होते की दाब एकदम उतरवला तर पलीकडच्या पेशी उपाशी पडतात. म्हणून जुनं बीपी डॉक्टर सहसा बेताबेतानं खाली आणतात.

त्यात पोट सुटलेलं असलं की घरात दुसरा त्रास. पोटातली चरबी नुसती बसून नसते. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. धमनीला ‘सैल हो’ म्हणणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडू लागतो. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, बीपी आणखी चढतं. एरवी रात्री दाब दहा-वीस टक्क्यांनी उतरतो, तेवढाच तिला विसावा. पण स्थूल माणसाचा घोरता घोरता श्वास अडकू लागला, की दर खेपेला दाब उसळतो आणि तो विसावाही जातो.

पुढे दोनच वाटा. एक, ती बुजते. मेंदूत दीड सेंटिमीटरच्या आतलं भोक पडतं. बरीचशी भोकं कुणाला कळतही नाहीत. ती साठत गेली की पावलं आखूड पडतात, विचार मंदावतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. दुसरी वाट फुटण्याची. १८६८ साली पॅरिसच्या शार्को आणि बुशार यांनी अशा बारीक धमन्यांवर आलेले फुगे दाखवले. पुढे शार्कोंनी तिच्या बहिणींपैकीच एकीला ‘मेंदूतल्या रक्तस्रावाची धमनी’ म्हटलं. गुन्हेगाराला द्यावं तसं नाव!

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. डॉक्टर ब्रून यांनी मीठ कमी केलं, वजन उतरवलं. बीपीवर नेमका चालेल असा उपाय त्या काळी हाताशी नव्हता. १२ एप्रिल १९४५ ला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे ते कोसळले, तेव्हा आकडा होता ३००/१९०. निदान मेंदूतल्या रक्तस्रावाचं झालं. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे कोणती धमनी फुटली ते कळायचं राहूनच गेलं.

आज गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. वरचा आकडा दहानं उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पाव भागानं कमी होतो. तरीही महिन्याभरात गोळी बंद करणारे पुष्कळ. “मला काही होतच नाही,” हे त्यांचं उत्तर. खरंच आहे, त्यांना होत नाही, तिला होतं. मेंदूच्या आत दुखण्याची सोयच नसल्यानं तक्रार वर येत नाही. मग तिची विचारपूस करायची ती दंडाला पट्टा बांधूनच.