थोडी अजून लाइट

उल्हासनगरात जीन्सचं डिझाइन सहसा कागदावर सुरू होत नाही. व्यापारी सॅम्पल टेबलावर टाकतो, "मास्तर, अशीच पाहिजे, फक्त थोडी अजून लाइट." मग मी पॅटर्न काढतो. धुतल्यावर कापड आटणार, म्हणून तो आधीच वाढवून ठेवायचा. स्ट्रेच डेनिम तर रुंदीत फारच आखडतं. कटिंगला माल गेला की मास्तरचं काम संपलं, अशी इथली रीत.

पण सगळी मेख त्या 'थोडी अजून लाइट'मध्येच आहे. नव्या कोऱ्या गडद कापडाला जुनं करायचं, तर ड्रममध्ये प्युमिस दगड, एन्झाइम, ब्लीच. बसून बसून मांडीवर पडतात तसे पांढुरके पट्टे हवेत? मग पोटॅशियम परमँगनेटचा फवारा, आमच्या भाषेत 'पीपी'. फवारलेली जागा आधी जांभळट, वाळल्यावर तपकिरी. न्यूट्रल केली की पांढरं उमटतं. सुटलेली नीळ, दगडाचा चुरा, उरलेलं रसायन, सगळं पाण्याबरोबर जातं. कितीतरी वर्षं ते वालधुनीत गेलं.

ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहत उल्हासनगरात येते. मंदिर शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. नदीकाठ त्या कारागिरांनीही निवडला आणि आम्हीही; कारणं वेगळी. 'वनशक्ती' संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात नेलं, पुढे वॉशिंगच्या कारखान्यांना टाळी लागली. काही शहराबाहेर सरकले. नाला बदलला, एवढंच.

डिझाइनने जग सुधारतं, असं परिसंवादांत म्हणतात. म्हणोत बापडे. माझा परिसंवाद कटिंगच्या टेबलावर भरतो. मी दोन पीस पुढे ठेवतो: एक नुसता धुतलेला, दुसरा पीपी मारलेला. गडद पिसावर तंबाखू रंगाचा दोरा उठून दिसतो, खिशाच्या कडा वापरून आपोआप उजळतात, हे दाखवतो.

"गिऱ्हाईक लाइटच मागतं, मास्तर."

तेही खोटं नाही. बदलापूरहून लोकलने येताना डब्यात उभ्या-उभ्या फिके पट्टेच दिसतात. लेझर आणि ओझोनने फिकं केलं तर पाणी वाचतं. पण ती मशिनं दहा शिलाई मशिनांच्या गाळ्याला कुठली परवडायला?

मागच्या लॉटला एक व्यापारी पाठीमागचे पट्टे सोडायला तयार झाला. नदीसाठी नव्हे, पिसामागे फवाऱ्याची मजुरी वाचत होती. पुढच्या पट्ट्यांवरून आमची घासाघीस अजून चालू आहे.